सोलकढीत सोडा

मला स्वयंपाक येत नाही, पण स्वयंपाकाबद्दल मला सगळं येतं.

म्हणजे असं की, निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी मोबाईलवर स्वयंपाकाच्या चार-दोन युक्त्या वाचतो आणि दुपारपर्यंत त्या सुलभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, ऐकवतो. नुसत्या ऐकवून थांबलो असतो तर आमचा संसार सुखाचा झाला असता. पण शिक्षकाची जात! करून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. "नारळ करवंटीपासून चटकन सुटावा म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा." ठेवला. सकाळी तो असा काही दगड झाला होता, की कोयत्याची धार गेली आणि नारळाला ओरखडा नाही. "डाळ उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर लाकडी डाव आडवा ठेवा." ठेवला. डाळ डाव ओलांडून गेली. "माश्या येऊ नयेत म्हणून लिंबाच्या फोडीत लवंगा टोचून ठेवा." टोचल्या. माश्या आल्या आणि लवंगांवरच ऐसपैस बसल्या!

"अहो, तुम्ही शाळेत जात होतात तेच बरं होतं," सुलभा म्हणते. "तिथल्या मुलांना दिवाळीची सुट्टी तरी मिळायची."

शाळेत मी विज्ञान शिकवायचो. आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू तयार होतो आणि फसाफसा बुडबुडे येतात, हा प्रयोग मी दर वर्षी आठवीला करून दाखवायचो. (म्हणजे दाखवायला जायचो.) आमच्या प्रयोगशाळेतलं आम्ल पुरवून पुरवून वापरायचं म्हणून त्यात इतकं पाणी घातलेलं असे, की त्याच्यापेक्षा रत्नागिरीच्या विहिरीचं पाणी जास्त आंबट लागावं. परीक्षानळीत काही म्हणजे काही व्हायचं नाही. मुलं नळीकडे बघायची, मी मुलांकडे बघायचो आणि शेवटी घसा खाकरून म्हणायचो, "मुलांनो, बुडबुडे आले असं समजा." मुलं गुणी होती. समजायची.

तर, गेल्या चैत्रातली गोष्ट. पालीजवळ आमची आंब्या-काजूची लहानशी बाग आहे. सुलभाच्या मनात बरेच दिवस होतं, की कोल्हापूरकडून येणाऱ्या लोकांना त्या बागेत, झाडाखाली बसवून, चुलीवरचं साधं कोकणी जेवण घालावं. फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तिच्या वहिनीनं तर तोंडावर सांगितलं होतं, "झाडाखाली पत्रावळीवर बसून जेवायला पैसे कोण देणार गं? लोकांना काय टेबल-खुर्ची मिळत नाही?" हे सुलभाला फार लागलं होतं. त्या दिवशी तिनं भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

आणि खरंच पहिली मंडळी ठरली! कोल्हापूरला रोज सकाळी तळ्याभोवती फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे म्होरके दादा पाटील, त्यांच्या मंडळी आणि आणखी दोन-तीन जोडपी आधी चव बघायला येणार होती. आवडलं तर पुढच्या महिन्यात अख्खं मंडळ घेऊन येऊ, असं दादांनी फोनवर सांगितलं होतं.

आदल्या दिवशी सुलभा मला म्हणाली, "हे जमलं तर मी पुढं करणार. नाही जमलं, तर पुन्हा या भानगडीत पडायची नाही. मग मला कुणी, 'अगं, पुन्हा कर' म्हणायला येऊ नका." आवाज साधाच होता, पण तिचे डोळे साधे नव्हते. मला एकदम भरून आलं. तिच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे, असं फार वाटलं. (सगळा घोटाळा इथंच झाला. मला वाटायला नको होतं.)

सकाळी ती रिक्षा करून पुढं बागेत गेली. तिथं शेजारची नंदाताई मदतीला येणार होती. जाताना सुलभा म्हणाली, "अहो, ऐका. तुमच्याकडे एकच काम. ही सोलकढी गाडीतून घेऊन यायची. हलवायची नाही, उघडायची नाही, हिच्याशी बोलायचंसुद्धा नाही." घट्ट फिरकीच्या झाकणाचा, थंड पाण्याचा तो मोठा जार तिनं काठोकाठ भरून ठेवला होता. त्यातलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तेही तिनं गेल्या वर्षी स्वतः घातलेलं.

मी उघडला. नुसता वास घ्यायचा म्हणून उघडला. मग अर्धी वाटी चाखली. मला ती जरा आंबट वाटली. (सोलकढी ती! गोड लागायला काय बासुंदी होती?) पण कोल्हापूरची माणसं, घाट उतरून उन्हातनं येणार, आंबट बाधलं तर? आणि नेमकी त्याच आठवड्यात वाचलेली युक्ती डोळ्यांसमोर चमकली: "पदार्थ आंबट झाल्यास चिमूटभर खायचा सोडा घालावा." चिमूटभर! पण चिमूट कशाला? वाटीला. आणि जारात वाट्या किती? मी त्रैराशिक मांडलं. त्रैराशिकानं चिमटीचे चमचे झाले. चमचे घातले.

घातल्याबरोबर कढी खालून वर निघाली. गुलाबी रंग गेला आणि वांग्याच्या सालीवर राख उधळावी तसा काहीतरी आला. आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? जार उघडा ठेवेल. मी झाकण लावलं. ते उडी मारू लागलं, म्हणून अंगात होता तेवढा जोर लावून पिळलं. वर सुतळीनं चारी बाजूंनी बांधलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. हातखंब्यापर्यंत रस्त्याचं काम चाललेलं. गाडी नाचत होती, मी नाचत होतो आणि मागं सोलकढी नाचत होती. मधूनच 'सुंईऽऽ' असा बारीक आवाज यायचा. मला वाटलं, टायर. उतरून चारही टायरना लाथा मारून पाहिल्या. टायर ठणठणीत होते.

मी बागेत पोचलो तेव्हा जांभ्या दगडांच्या चुलींवर सगळं रटरटत होतं. फणसाखाली सतरंज्या, त्यापुढं पत्रावळी मांडलेल्या. नंदाताई म्हणाली, "सर, तुमी आता खुर्चीवर गप बसा बगू. कशाला हात लावू नका." मी बसलो. वाईच बसलो असेन, तोवर गाडीचा हॉर्न वाजला आणि कोल्हापूर आलं.

दादा पाटील पुढं. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशा त्याहून कडक. आंबा घाट उतरून तहानलेले. आल्या आल्या म्हणाले, "वैनी, पाणी नको. पैला तुमची ती कढी आना! तिच्यासाठीच आलोय म्हना की!"

सुलभाचे हात पिठात होते. तिचा चेहरा इतका फुलला की काय सांगू. "अहो, कढी द्या ना त्यांना," ती म्हणाली.

मी जार दादांच्या पुढ्यात आणून ठेवला. सुतळी सोडली. झाकण फिरवलं. अर्धा आटा फिरला असेल नसेल...

फट्ट!

झाकण वर गेलं आणि फणसाला लागलं. त्याच्या मागोमाग सोलकढी गेली. कारंजं म्हणतात ते मी बागबगीच्यात पाहिलेलं आहे. पण लसणीचा आणि कोथिंबिरीचा वास येणारं कारंजं पहिल्यांदाच पाहिलं! वर गेलेली कढी न्यूटनच्या नियमाप्रमाणे खाली आली आणि सगळी दादा पाटलांवर आली. मिशांना खोबऱ्याच्या दुधाचे थेंब लोंबत होते. शर्टावर राखाडी-जांभळा नकाशा.

कुणी हलेना. नंदाताई तेवढी पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाय, सरांनी बाँब फोडलानी!"

 सुलभा माझ्याकडं बघत नव्हती, रिकाम्या जाराकडं बघत होती. आयुष्यात मी पुष्कळदा फजीत झालोय, त्याचं मला काही वाटत नाही. पण तो तिचा चेहरा मला बघवेना. वाटलं, आत्ताच्या आत्ता हे निस्तरलं पाहिजे. आणि हाय रे दैवा, पुन्हा युक्ती आठवली! "कपड्यावरच्या ताज्या डागाला लिंबू आणि मीठ चोळावं."

"दादा, हलू नका!" मी ओरडलो. भाजीवर पिळायला ठेवलेलं अर्धं लिंबू घेतलं, मिठात बुडवलं आणि दादांच्या छातीवर चोळायला लागलो. दोन हात मारले नाहीत तोच राखाडी डाग गुलाबी झाला. चांगला लख्ख, लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी! मी घाबरून दुसरीकडं चोळलं. तिकडंही गुलाबी. पोटावर, खांद्यावर, जिथं लिंबू जाईल तिथं गुलाबी!

"आवं सर," दादा शांतपणे म्हणाले, "पाठ राहिलीय. ती पन रंगवून टाका."

आणि दादांच्या मंडळी फसकन हसल्या. "लगीन झाल्यापास्नं ह्यास्नी सांगतोय," त्या डोळे पुसत म्हणाल्या, (कोल्हापूरच्या बायका 'सांगतोय'च म्हणतात, आणि ऐकायला फार गोड लागतं) "की जरा रंगीत शर्ट घाला. ऐकलं न्हाईत. आज सरांनी करून दावलं की ओ!" मग जी हशाची लाट उठली ती काही थांबेना. दादा स्वतः मिशीवरची कढी चाटून म्हणाले, "चव वंगाळ हाय, पन जोर लई हाय!"

सुलभानं तेवढ्यात पदर खोचला. "जरा थांबा सगळ्यांनी," ती म्हणाली. "कढी मिळाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. नंदाताई, नारळ फोड. आगळाची बाटली मी येताना पिशवीत घातली होती." आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "मला माझी माणसं माहीत आहेत."

नंदाताईनं नारळ फोडले. खवायला बसणार, तर दादांच्या मंडळींनी विळी ओढून घेतली. "आना हिकडं, मी खवतो!" दुसऱ्या एका बाईंनी लसूण सोलायला घेतली. दादा बनियनवर चुलीशी बसून पाणी कोमट करू लागले. सुलभा सांगत होती, "पाणी कोमटच हवं, तरच दूध नीट सुटतं. कढत नको. आगळ सगळ्यात शेवटी, आणि बेतानं. मग पुन्हा विस्तवाकडं न्यायची नाही, फाटते." सगळे आठवीच्या वर्गासारखे तिच्याभोवती बसून ऐकत होते. माझ्या वर्गात असं कधी कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. मी लांब खुर्चीवर बसून होतो, आणि खोटं कशाला बोला, मला तिचा फार अभिमान वाटला.

मग पंगत बसली. स्वतः खवलेल्या नारळाची कढी कोल्हापूरकरांनी वाट्यांनी नाही, तांब्यांनी प्यायली. काजूगरांची उसळ संपली, भाकऱ्या संपल्या, फणसाच्या भाजीच्या पातेल्याला कुणीतरी भाकरीचा शेवटचा तुकडा फिरवून घेतला. निघताना दादा गुलाबी शर्ट घडी करून पिशवीत ठेवत म्हणाले, "वैनी, म्होरल्या म्हयन्यात अख्खं मंडळ आनतो. नारळ आमीच खवनार. पन एक अट हाय. सरांचं ते कारंजं पैला दावायचं. मी मानसांना सांगनार हाय, आनि कुनी इस्वास ठेवनार न्हाई!"

सुलभा हसली. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. "दाखवतील ना," ती म्हणाली, "त्यांचा विषयच आहे तो."

पुढच्या महिन्यात मंडळ आलं. चुली वाढल्या होत्या, सतरंज्या वाढल्या होत्या, आणि सुलभाची वहिनी भाकऱ्या थापायला स्वतःहून आली होती. जेवणाआधी सगळ्यांना फणसापासून लांब उभं केलं. कुणी छत्र्या उघडल्या. दादा तोच गुलाबी डागांचा शर्ट मुद्दाम घालून पुढं उभे राहिले. मी घसा खाकरून आम्ल आणि सोडा यांवर छोटंसं व्याख्यान दिलं. फक्त चांगली कढी उधळायला द्यायला सुलभा तयार नव्हती. तिनं बाटलीच्या तळाचं थोडं आगळ जारभर पाण्यात मिसळून दिलं होतं. मी त्रैराशिकाचे चमचे घातले, झाकण पिळलं, सुतळी बांधली आणि जार छातीशी धरून सगळ्या बागेला धावत एक प्रदक्षिणा घातली. लोकांनी मोबाईल वर धरले. मी सुतळी सोडली, डोळे मिटले आणि झाकण फिरवलं.

काही झालं नाही.

मी जारात डोकावलो. पाणी प्रयोगशाळेतल्यासारखं सोज्वळ होतं. छत्र्यांखालून सगळं कोल्हापूर माझ्याकडं बघत होतं, मी कोल्हापूरकडं बघत होतो. शेवटी घसा खाकरला आणि म्हणालो,

"मंडळी, उडाली असं समजा."