हिरव्या हौदाचं विरजण

शेवाळाने शहराचं सांडपाणी साफ करतात ते बघायला बुलढाणा जिल्ह्यात चालले आहे, असं घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. "लोक धबधबे बघतात, तू गटार बघ!" मी ऐटीत बॅग भरली. ही पोस्ट लिहायला मात्र दोन महिने लागले. का, ते पुढे कळेलच.

रेल्वेने सकाळी नांदुऱ्याला उतरले. स्टेशनबाहेर गरम कचोरी खा आणि तळलेली मिरची मागून घ्या. तिथून एसटीने जळगाव जामोद. बायकांना अर्धं तिकीट. पूर्णेचा पूल ओलांडला की सातपुडा दिसायला लागतो. भर उन्हाळ्यात जाऊ नका, टोपी असली तरी नका.

हौद वस्तीबाहेर आहे, लांबट आणि गुडघाभर खोल. तो सांभाळतात सुनंदाताई. शेजारीच त्यांचं वांग्याचं शेत. नालीच्या पाण्यातलं खत हे बारीक शेवाळ खातं, उन्हात वाढतं, पाण्यात प्राणवायू सोडतं आणि वास जातो. मग शेवाळ वेगळं काढून उरलेलं पाणी शेताला. पण मी पोचले तेव्हा हौद मातकट होता आणि नाक धरायची वेळ आली.

"कोनंतरी नालीत फवारनीच्या औषधाचा डबा ओतला, सारं हिरवं मेलं," सुनंदाताई म्हणाल्या. "पंधरा दिवसानं तपासाले सायेब येऊन राह्यले. हौद हिरवा नाही दिसला तं बंद करतीन. मंग माह्या वांग्याले पानी कुठचं? पन विरजण हाये घरी. उद्या ड्रमात वाढवते, मंग हौदात."

मी रील काढत होते. "हो का, छान," म्हटलं. विरजण म्हणजे दह्याचं, एवढंच डोक्यात आलं. दह्याचा हौदाशी काय संबंध, हेसुद्धा विचारलं नाही.

मुक्काम त्यांच्याच घरी होता. जेवायला बेसनाच्या पातोडीची झणझणीत भाजी आणि भाकरी. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. आजींनी मला आग्रह करकरून वाढलं.

सकाळी सुनंदाताई शेतात गेल्या, आजी अंगणात ऊन खात बसल्या. पाहुणीने नुसतं बसू नये म्हणून मी भांडी घासायला घेतली. खिडकीत काचेच्या चार बरण्या होत्या, हिरव्यागार पाण्याने भरलेल्या. गटाराचं काम करणाऱ्यांच्या घरात स्वच्छता ती काय असणार, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण आलं होतं. चारही बरण्या मोरीत ओतल्या, साबणाने लख्ख घासल्या, पालथ्या घातल्या. वर स्वतःवर खूष झाले.

सुनंदाताई परतल्या आणि खिडकीपाशीच थांबल्या.

"आत्याबाई, विरजण कोनं फेकलं?" त्यांनी सासूबाईंना हाक मारून विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: बरण्यांतलं हिरवं पाणी म्हणजेच हौदासाठी जपलेलं शेवाळाचं विरजण.

"मी? मले तं आठवत नाही," आजी अंगणातून आत येत म्हणाल्या.

"परवा दूध बी तुमीच मोरीत ओतलं होतं ना!"

आजी भिंतीला धरून खाली बसल्या. माझ्याकडे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मी तोंड उघडलं ते "माझ्या बसची वेळ झाली" म्हणायला. सुनंदाताईंनी तशातही पिशवीभर वांगी दिली. मी ती घेतली, याची तर जास्तच लाज वाटते.

घरी येऊन रील टाकली. लोकांना आवडली. "किती जमिनीवरची आहेस तू!" अशा कमेंट आल्या. एकेक कमेंट वाचली की मी फोन उलटा ठेवायचे. अखेर मागच्या आठवड्यात सुनंदाताईंना फोन केला.

त्यांनी शेवाळावर काम करणाऱ्या एका कॉलेजातून नवं विरजण आणलं होतं. हौद उशिराने हिरवा झाला, साहेबांनी चालू ठेवला. तोवर वांगी वाळून गेली होती.

"ताई, विरजण मी फेकलं होतं."

त्या म्हणाल्या, "हे मले नका सांगू. आत्याबाईले सांगा." आणि फोन आजींच्या हातात दिला.

मी सांगितलं.

"तू फेकलं? खरंच तू?"

"हो आजी, मीच."

"म्हंजे मी नाही?"

"नाही."

त्या रडायला लागल्या. मला वाटलं, आता मला चांगलंच सुनावतील. तेच बरं झालं असतं.

"बरं झालं बाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं माहं डोस्कं गेलं. दोन महिने झाले, म्या सैपाकघरात पाय नाही ठेवला."