हरून दाखवायचं काम

पौषात लग्नं नसतात, म्हणून अमरावतीतलं ते मंगल कार्यालय दोन दिवस खेळवाल्यांना परवडलं. नवरदेवाच्या खोलीत पत्त्यांचे खेळ मांडले होते, जेवणाच्या हॉलमध्ये बोर्डवरचे, आणि आमचं टेबल थेट स्टेजखाली, जिथे एरवी आहेर द्यायला रांग लागते. आमचा खेळ म्हणजे दोन फौजांची लढाई. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, टेबलभर पसरलेलं रणांगण, फासे आणि एक टेप. घोडेस्वार किती इंच धावणार, बाण कुठवर जाणार, सगळं मोजून करायचं. नवीन माणसाला चाळीस मिनिटांचा छोटा डाव खेळवून दाखवतात, त्याला डेमो म्हणतात. ते दोन दिवस डेमो द्यायला मी आणि माझा धाकटा भाऊ उभे होतो.

मी इथेच अमरावतीत दातांच्या लॅबमध्ये काम करते. कृत्रिम दातांना रंगाच्या छटा देणं हे माझं काम, आणि तसल्याच बारीक ब्रशने घरी मी सैनिकांचे डोळे रंगवते. भाऊ अकोल्याला बँकेत. एका रविवारी तो एसटीने माझ्याकडे यायचा, पुढच्या रविवारी मी डबा भरून फौज घेऊन अकोल्याला जायची. बसमध्ये मांडीवर एवढा जपून धरलेला डबा पाहून लोकांना वाटायचं, आत अंडी आहेत. आठ वर्षं हे चाललं. आसपास हा खेळ खेळणारं तिसरं माणूस आम्हाला कधी भेटलं नाही, आणि दोघं असल्यामुळे आम्ही शोधलंही नाही.

आता त्याची बदली कोकणात झाली होती. होळी झाली की तो जाणार होता. मला भीती वाटत होती, सरळच सांगते. हा खेळ एकटीने होत नाही. समोर कुणीतरी लागतं, जे टेबलापुरतं का होईना, तुमचं वाईट चिंतेल. ते माणूस नसेल तर नुसतं रंगवत बसायचं आणि काचेच्या कपाटात सैनिक उभे करायचे. त्या दोन दिवसांत मला एक माणूस मिळवायचा होता. एकच.

पहिला माणूस मी अकराच्या आत घालवला. तिवशाहून आलेले एक काका चांगले रमले होते. त्यांचा बाण माझ्या घोडेस्वारापर्यंत पोचतो की नाही यावर अर्ध्या इंचाचा वाद झाला.

"ताई, तुमी टेप ढिली धरून राह्यल्या," ते म्हणाले.

"काका, हे वावर नोय मोजाले. खेळाचं असन तं खेळा."

काका उठले, टोपी सरळ केली आणि चहाच्या स्टॉलकडे गेले. परत आले नाहीत.

भावाने मला स्टेजच्या मागे नेलं. "संक्रांत जवळ आली, गोड बोलाले सुरुवात कर जरा," तो म्हणाला. "अन् एक ध्यानात ठेव. डेमोमंधी आपण हारायचं असते. जिंकलेला मानूस परत येते."

मी जन्मात कधी मुद्दाम हरले नव्हते. लहानपणी कवड्या खेळताना आईने मला जिंकू दिलं, तर मी कवड्या विहिरीत फेकून यायची. पण गरज मला होती. मी जिभेवर साखर ठेवली आणि त्या दिवशी चार वेळा हरले. घोडेस्वार उघड्यावर नेऊन उभे केले, सेनापतीला एकटं पुढे पाठवलं, वर "वा, काय चाल केली" असंही म्हटलं. चौघंही खूश झाले. सैनिकांसोबत फोटो काढले. पुन्हा खेळायला याल का म्हटल्यावर "पाहू ना" म्हणाले आणि नवरदेवाच्या खोलीत पत्ते कुटायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्कार होता. हार घेऊन आलेली बाई साधारण माझ्याच वयाची. अंजनगाव सुर्जीकडे तिची झेंडू-शेवंतीची बाग, आठवड्यातून तीनदा ती अमरावतीच्या बाजारात माल आणायची. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. हार दुसऱ्याच्या हाती दिले तर उन्हात टाकून ठेवतील, म्हणून ओल्या फडक्याखाली टोपली झाकून ती आमच्या टेबलाशी थांबली. पौषात फुलांना उठाव नसतो, तेव्हा तिला घाई नव्हती.

तिने रणांगणावरच्या नदीकाठी, पुलाशेजारी बोट फिरवलं. "हे माती वावरातली हाय."

"आमच्या बाबाच्या वावरातली. चाळून चिकटवली."

"नदीकाठची काळी माती, अन् त्यात घोडं कसं पळन? फसनच."

"फसतेच," भाऊ म्हणाला. "चिखलात घोडा अर्धाच चालते, असा नियमच हाय."

नियम बरोबर आहे म्हटल्यावर ती बसली. पूल राखायचं काम तिला दिलं. भावाने डोळ्यांनी खूण केली, आणि मी शहाण्यासारखी हरले. तिने शेवटचा फासा टाकला, पूल राखला, आणि खूश व्हायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी मले जिंकू देल्लं."

मी म्हटलं, तसं काही नाही, तुम्ही छान खेळलात.

"बाई, मी रोज बाजारात बसतो. व्यापारी पयल्याच भावाले हो म्हनला, का मी समजतो, इथं कायतरी गडबड हाय. मले बह्याड समजल्या का तुमी?"

माझे कान तापले. "हो. मुद्दाम हारली मी. नव्या मानसाले आवडावं म्हनून."

"मले नाई आवडलं. पुन्हा मांडा. अन् आता खरं खेळा."

टेबलाखालून भावाने माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. काल दिवसभर गिळलेल्या चार हारी, तिवशाचे काका, कोकण, सगळ्याचा राग हातात आला होता. मी घोडेस्वार कडक रस्त्यावर ठेवले, धनुर्धारी टेकडीवर चढवले आणि तिची एकही चूक माफ केली नाही. तिने तिचे चार भालेकरी पुलावरून काढून नदीकाठी उभे केले. मला वाटलं, घाबरली. मी घोडे अंगावर घातले, आणि ते चिखलात अडकले. निम्मे तिथेच गेले. आठ वर्षांत भावाने मला असं कधी फसवलं नव्हतं. तरी उरलेल्यांनी पूल घेतला. मी जिंकले, आणि उन्हातून सावलीत आल्यासारखं बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. दारात गडबड झाली, पाहुणे आले. बाईने टोपली उचलली आणि तडक स्टेजकडे गेली. भाऊ खाली मान घालून फासे गोळा करत होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं. माझ्या डोक्यावर माइकमधून भाषण चाललं होतं आणि मला रडू येत होतं. एक माणूस चालून आला होता, आणि मी त्याला हरवून पाठवलं होतं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मी सैनिक डब्यात भरायला घेतले, तेवढ्यात रिकामी टोपली कमरेवर घेऊन ती परत आली. बसली नाही. डब्यातून तिने स्वतःच एक भालेकरी काढला आणि पुलाच्या तोंडाशी ठेवला.

"मी चारी नेले ना काठावर, थे चुकलं. हा एक अठी उभा पाह्यजे होता. मंग तुमाले पूल नसता भेटला."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं. मलाही ते दिसलं नव्हतं, भावालाही नाही.

"बुधवारी माल घेऊन येतो मी," ती म्हणाली. "नऊ वाजता मोकळी होतो. कुठी राह्यता तुमी?"

मी पत्ता सांगितला. मग घाईने म्हटलं, "पन बुधवारी मले लॅब असते."

"मंग सुट्टी टाका."

आठ वर्षांत खेळासाठी मी कधी सुट्टी मागितली नव्हती, रविवार होते ना. मी तिथेच, तिच्यासमोर, लॅबच्या मालकांना फोन लावला.