न झिजलेली चेन

आमच्या गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला थंडीत स्वेटर घालत नसे. शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी खोचून पहाटे साडेपाचला तो ठाकुर्लीत माझ्या खिडकीखाली यायचा आणि मला फेरीला नेण्यासाठी सायकलची घंटी एकदाच वाजवायचा. मी उतरलो नाही की पाच मिनिटं थांबून एकटाच खडवलीला जाऊन यायचा. त्यावरून कधी चकार शब्द नाही. दुसऱ्या पहाटे परत घंटी, एकदाच. "थंडी वाजते, पण तिला विचारतंय कोण, साहेब?" म्हणायचा.

फेब्रुवारीच्या शर्यतीसाठी आमच्या सायकल ग्रुपने, ज्यात तोही होता, चार जण निवडले, ते मोबाइलच्या अ‍ॅपमधले किलोमीटर बघून. त्याच्याकडे बटणांचा फोन, म्हणजे त्याचे किलोमीटर शून्य! अख्खा हिवाळा सायकल दामटणाऱ्याला काही न विचारताच शून्य देताना एकालाही लाज वाटली नाही.

चौथा मी होतो. स्कूटरवरून मानपाड्याला कामावर जाताना मी अ‍ॅप चालू ठेवायचो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर सायकलच्याच वेगाने चालते, संशय कुणाला येणार?

शर्यतीआधी सायकल तपासायला त्याच्याकडेच नेली. त्याने चेन बोटांवर ताणून पाहिली. मान वर न करता म्हणाला, "साहेब, ही तर कुठंच गेलेली नाय."

ग्रुपला मात्र त्याने काही सांगितलं नाही. चेनला तेल घातलं, चाकं सरळ केली. "चढाला दम राखा," एवढंच म्हणाला. आणि मी शर्यतीत उतरलो.

ग्रुपचा संताप मला आजही येतो. पण तो किती सायकल चालवतो हे त्यांना निदान ठाऊक नव्हतं. मला रोज पहाटे ती घंटी ऐकू येत होती.