सतरा एकांचा भागाकार

पंपघरातल्या माणसाला काम ते किती? दर अर्ध्या तासाला दाबाचा काटा बघायचा, आकडा वहीत टिपायचा आणि टेकडीवरची टाकी भरली की मोटर बंद करायची. मधल्या वेळात बाकीचे पंपवाले डुलक्या काढत. हा एक पंपवाला भागाकार करी.

नाद लावला तो एका नव्या इंजिनिअरसाहेबांनी. चहा पिता पिता ते म्हणाले, "नुसत्या एकांच्या संख्येला कशानेच भाग जात नाही. अकरा बघ!"

"एकशे अकराला तीनने जातो, साहेब."

साहेबांना ठसका लागला. शिकलेला माणूस चूक कबूल करत नाही, ती मोठी करतो. "बरं, मग सतरा एक घे ओळीने. दाखव फोडून!"

महिन्याभरात साहेबांची बदली झाली आणि ते सगळं विसरूनही गेले. मोठ्या माणसांना तेवढी सवड असते.

पंपवाल्याने रद्दीतून मूळ संख्यांचं एक जाडजूड पुस्तक पैदा केलं आणि दोनपासून सुरुवात केली. एकेक मूळ संख्या घ्यायची, सतरा एकांना हाताने भागायचं, बाकी उरली की पुढची. दिवसाला वीसेक. अशी बावीस वर्षं गेली. बायको शेजारणीला सांगे, "लोकांचे नवरे काही ना काही कमावून आणतात. आमचे रोज बाकी घेऊन येतात."

गाडी वीस लाखांपुढे गेली होती, तेव्हा गणित शिकणारी भाची सुट्टीत राहायला आली. वह्यांची चळत पाहून तिने डोक्याला हात लावला.

"मामा, या संख्येला भाग गेलाच, तर चौतीसने भागल्यावर बाकी एक उरते अशाच मूळ संख्येने जाईल. सोळातल्या पंधरा तपासायचीसुद्धा गरज नव्हती!"

मामा एकेक वही उघडून पाहू लागला. मामीला मात्र बोलायला वेळ लागला नाही. "म्हणजे बावीस वर्षांतली वीस पाण्यात. पंपघरातच होते म्हणा!"

भाचीने फोनवर उत्तर काढलं आणि ओठ घट्ट मिटले. तिच्या युक्तीने उरलेलं काम पंधरा दिवसांत झालं असतं. पण मामा म्हणाला, "एकालाही वगळलं नाही आजवर. आता रांग मोडायची नाही." गाढवपणाला तत्त्व म्हटलं की तो फार शोभून दिसतो.

आठ महिन्यांनी, एका भर दुपारी, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने भागताना खाली शून्य उरलं. त्याने तीनदा पडताळलं. मग तो स्टुलावर बसून रडला, हसला, पुन्हा रडला. तोवर टाकी भरून वाहू लागली होती, आणि टेकडीखालच्या गल्लीत लोक चपला हातात घेऊन त्याच्या नावाने शंख करत होते.

कचेरीतून नोटीस आली : मोटर वेळेवर बंद न केल्याचं कारण लेखी कळवावं. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने लिहिलं, "कारण : २०७१७२३." कचेरीला तो फाइलीचा नंबर वाटला. त्या नंबराची फाइल सापडेपर्यंत चौकशी स्थगित आहे.

भाचीला कळलं तशी ती धावत आली. पंपवाला नवी वही उघडून बसला होता.

"आता काय?"

"भागाकार आला ना दहा आकडी. पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. तो फुटतो का बघतो."

"मामा, तो फुटला असता, तर त्याचा एक तुकडा त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांच्या आतला निघाला असता. तिथवरच्या सगळ्या संख्या तुम्ही केव्हाच तपासल्यात. सतरा एकांना त्यातल्या कशानेच भाग गेला नाही, मग त्यांच्या या तुकड्याला कुठून जाणार? म्हणजे तोही मूळच. तुम्हीच सिद्ध केलंय, हाताने."

पंपवाल्याने पेनाला टोपण लावलं. "मीच?"

"बघा," बायको आतून म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी म्हणत होते, यांच्या हातून काही होत नाही."

पण त्या दिवशी तिने ती वह्यांची चळत स्वतः पुसून काढली.