गाळलेलं ‘म्हणे’

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवाजवळसुद्धा नाही — देवाजवळ बोलले असते तर तेवढ्यावरच भागवून गप्प बसले असते, इतपत मी मला ओळखते. म्हणून तुमच्याजवळ बोलते. तुम्ही समोर बसलाय, कॉफीचा पेला हातात दिलाय, असं धरून चालते.

आधी जुनमोनीचं सांगू? चांगलं सांगायला तोंड लवकर उघडतं, नाही का?

जुनमोनी आसामची. एम.ए. करत होती — जगातल्या साहित्याचा तौलनिक अभ्यास. मला वाटलं, तौलनिक म्हणजे तराजू घेऊन बसायचं, कुणाची गोष्ट जड, कुणाची हलकी. ती हसली. तोलायचं नाही मामी, म्हणाली, शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. तिच्या विद्यापीठाचा नियम असा, की नुसत्या भाषांतरांवर भागवायचं नाही. सोबत नव्या भाषा शिकायच्या, त्याही रगडून — दिवसाला पाच-पाच तास, आणि तेवढा वेळ आपली भाषा तोंडातून काढायची नाही. तमिळ तिने एका उन्हाळ्यात आपलीशी केली होती. तुर्की चालू होती. आणि तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या मांडीला मांडी लावून बसलेली जी आमची मराठी आहे, ती शिकायला ती चार महिने आमच्या माडीवर राहिली.

काय पोर होती! नळाखाली बादली भरेपर्यंत एक क्रियापद सगळ्या काळांतून फिरवून आणायची — मी येते, मी आले, मी आले असते. भाजीवालीशी तमिळ, मांजरीशी मराठी. एकच गोष्ट तीन भाषांत वाचायची, तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन, आणि कुठेतरी एकदम थांबून हसायची. काय झालं गं, म्हटलं, की सांगायची — मामी, इथे ही म्हातारी रशियात रडते आणि तुमच्याकडे याच जागी जेवायला वाढते! मी स्वयंपाक सोडून ऐकत उभी राहायची. माझं जग तेवढ्यापुरतं केवढं मोठं व्हायचं, कसं सांगू?

चुकायची तिला लाज नव्हती. एकदा माझ्या नणंदेला, अक्कांना म्हणाली, “काल मी मामींना जेवले.” अक्का हसून हसून ओट्यावर आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, “सुलोचने, उरलींस का गे थोडी? आज पुरशील?” पोरीने वही काढली, आपली चूक लिहून घेतली, अक्कांचा टोमणाही लिहून घेतला. भाषा शिकायची तर आधी थोडं वेडं ठरायची तयारी पाहिजे, असं ती म्हणायची.

मी जन्मभर याच्या उलट वागले. माझी शाळा आठवीपर्यंत, तीही तमिळमध्ये. मराठी अक्षरं मी माझी मी शिकले — पोथ्यांवरून, पुण्याच्या नातेवाइकांकडून येणाऱ्या जुन्या मासिकांवरून, डाळीतले खडे वेचावेत तशी एकेक. गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटी. त्याचा ताठा फार. आणि एका लग्नात पुण्याची एक पाहुणी माझं बोलणं ऐकून म्हणाली होती, “किती गोड हो! अगदी लहान मुलांसारखं बोलता तुम्ही.” त्या दिवसापासून मी पुस्तकासारखं बोलायला लागले. घरात तसं दुसरं कुणी बोलत नसे. अक्का तर नाहीच.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आल्या, त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या इथे होत्याच. अक्षरओळख नाही. पण गोष्ट सांगायला बसल्या, की — तुम्ही ऐकायला हव्या होत्या! दुपारी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात मल्लिगे, म्हणजे मोगरा, गुंफत सांगायच्या. राजा बोलो की राक्षस, आवाज तोच. बदलायचा तो बोटांचा वेग. राजा चिडला की फुलं भराभर चढायची. राणी एकटी पडली की एक फूल बोटांत किती वेळ तसंच. एवढी मोठी कलावंत बाई माझ्या घरात बसून होती, आणि ते मला आसामहून आलेल्या पोरीच्या डोळ्यांत बघून कळलं.

जुनमोनीने पहिल्या दिवशी आवाज टिपायला फोन पुढे ठेवला, तर अक्कांनी तो मागे सारला. “त्या डबीला मी सांगत नाहीं. ती हुंकार देत नाहीं.” मग असं ठरलं — हुंकार जुनमोनीने द्यायचा, लिहायचं मी. अक्कांचा वेग तिच्या हाताला अजून झेपत नव्हता.

गोष्ट परक्या मुलखातून आलेल्या राणीची. सासरी तिची बोली कुणाला येत नाही. बारा वर्षं ती विहिरीच्या काठावर वाकून पाण्याशी बोलते. मग दुष्काळ पडतो, सगळ्या विहिरी आटतात, हीच एक उरते. सारं गाव तिचं पाणी पितं, आणि सारं गाव राणीच्या भाषेत बोलायला लागतं. अक्का सांगताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावायच्या. एक राणी होती म्हणे. ती विहिरीशी जाई म्हणे. तमिळ आज्या गोष्टीत क्रियापदामागे ‘आम्’ लावतात, तसंच.

मी ऐकलं तसं कच्च्या वहीत लिहिलं. मग पक्की वही केली — आणि तिच्यातून सगळे ‘म्हणे’ गाळले. एकूण एक. कच्ची वही न्हाणीघरातल्या बंबात घातली.

का? अडाणी दिसतं म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. पुण्याची ती पाहुणी आठवली, असंही म्हटलं. खोटं नव्हे ते. पण पुरतं खरंही नव्हे.

जुनमोनी म्हणाली, मामी, पक्की वही अक्कांना एकदा वाचून दाखवा. मी वाचली, ठसठशीत, पुस्तकासारखी. अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “छान वाचलींस गे. कुण्या मोठ्या घरची गोष्ट वाटते.” एवढंच. आणि फुलांची परडी उचलून आत गेल्या.

पोर परत गेली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. फार आनंदात होती. तुर्की शिकता-शिकता तिला कळलं होतं, की त्या भाषेत स्वतः पाहिलेल्या गोष्टीला क्रियापदाचं एक रूप आणि ऐकलेल्या गोष्टीला दुसरं. तमिळच्या ‘आम्’चीही तीच जात. म्हणजे सांगणारी बाई वाक्यावाक्याला सांगून टाकते — हे माझं नाही, कानावर आलेलं आहे. प्रबंधाचं मुख्य प्रकरणच तिने त्यावर घेतलं होतं. आणि मग तिने विचारलं — मामी, माझ्या कानात अक्कांचं ‘म्हणे’ आहे. वहीत एकही नाही. अक्का म्हणत होत्या ना?

बघा, तेव्हा तरी सांगता आलं असतं. अक्का दोन हातांवर झोपाळ्यावर बसल्या होत्या. फोन त्यांच्या कानाला लावला असता, तरी झालं असतं.

मी म्हटलं, नाही. एकदाही नाही. तुझा कान तेव्हा नवा होता गं — गल्लीतलं तमिळ ‘आम्’ डोक्यात बसलं असेल.

 ती म्हणाली, “सॉरी मामी. माझाच कान कच्चा.”

“काय विचारीत होती पोर?” अक्कांनी विचारलं. तुमची तब्येत, म्हटलं. “सांगायचें होतेंस, अजून आहें म्हणून!” आणि हसल्या.

प्रबंध झाला. मला प्रत आली. त्यात तिने लिहिलंय, की तंजावरच्या या घरात मात्र गोष्ट ‘ऐकलेली’ म्हणून सांगत नाहीत, सगळी ‘पाहिलेली’ म्हणून सांगतात. तमिळच्या इतक्या शेजारी राहूनही हे वेगळेपण टिकलं. तिच्या मार्गदर्शकांनी याच प्रकरणाचं कौतुक केलं म्हणे. खाली बारीक अक्षरांत एक टीप आहे — सुरुवातीला माझी ऐकण्यात चूक झाली होती, ती लिहून घेणाऱ्या मामींनी दुरुस्त केली. चुकायला न लाजणारी माझी पोर — न केलेली चूक तिने माझ्या शब्दावर छापून घेतली. आता ती मुलांना भाषा शिकवते. ऐकायला शिकवते.

अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या.

आता उरलेलं सांगते. अक्कांनी ‘म्हणे’ प्रत्येक वाक्याला लावलं नव्हतं. तीन वाक्यांना नव्हतं. गोष्ट राणीच्या जेवणाशी आली, फूल बोटांत थांबलं, आणि ती तीन वाक्यं एकापाठोपाठ आली — उघडी. जुनमोनीने प्रत्येकाला हुंकार दिला. माझी लेखणी थांबली होती. कारण तो राजवाडा नव्हता. ते माझं स्वयंपाकघर होतं, आणि त्यात कित्येक वर्षं वाढत होते ती मी. घरात दही कमी नव्हतं. अक्कांनी मला कधी काही केलं नव्हतं. माझ्या सासूने तसं वाढलेलं मी पाहिलं होतं आणि तसंच वाढत राहिले. सासू गेल्यावरही, मला कुणी बघत नसतानाही.

बाकीच्या वाक्यांना ‘म्हणे’ राहिलं असतं, तर ती तीन वेगळी दिसली असती. जुनमोनीला दिसलीच असती. ती विचारती, ही कोणी पाहिलेली? म्हणून मी सगळेच गाळले. पुण्याच्या पाहुणीसाठी नव्हे.

वहीत ती वाक्यं मी ‘शुद्ध’ करून घातली आहेत. हे लिहिलेलं जुनमोनीकडेही जाईल. तुझा कान पक्का होता, जुनमोनी. अक्का जशा बोलल्या, तशी ती तीन वाक्यं ही —

तिचें ताट सगळ्यांचें झाल्यावर मांडीत.

तिच्या ताकांत पाणी घालीत.

वाढणारी मान वर करीत नसे.