पेंटर मामांचं शटर

पेंटर मामा रस्त्यानं पाट्या वाचत जात नसत; पाट्यांना रागावत जात. लातूरच्या गंजगोलाईत त्यांच्यासोबत भाजीला जाणं म्हणजे सकाळ वाया. "हा 'ळ' बग शैले, पोट सुटलंय त्याचं," म्हणत ते एखाद्या दुकानासमोर थांबत, आणि गिऱ्हाईक आलं असं समजून आतला मालक उठून उभा राही.

हे माझे सख्खे मामा. डाळमिल, दवाखाने, शिकवण्या, सगळ्यांच्या पाट्या त्यांनी आपल्या छोट्या दुकानात आयुष्यभर हातानं रंगवल्या. मग फ्लेक्स आला. मुलगा नितीन अमेरिकेला जाताना म्हणाला, "बाबा, फ्लेक्सचं मशीन घ्या. हातानं लिहिलेलं आता कोण बघतंय?" तेव्हापासून बापलेकांचं फोनवरचं बोलणं तब्येत आणि हवापाण्यावर आलं. मी नांदेडला राहून लोकांना वेबसाइट करून देते. एक दिवस मामांचा फोन आला, "माझी बी एक कर. सगळ्या पाट्या घाल. त्याला तिकडं बसून दिसल्या पायजेत."

मी यादी करूनच लातूरला गेले. पाट्यांचे फोटो, माहितीची चार वाक्यं, फोन नंबर. माझ्या अंदाजानं दोन रविवारांचं काम. पहिल्याच पाटीला मामांनी बादली मागवली. औशाच्या कापडदुकानाची पाटी ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय फोटो काढू देईनात. "तोंड न धुता कुणी फोटोला बसतंय का?" अहमदपुरात जुन्या पाटीवर फ्लेक्स ठोकलेला होता. तो मला स्टुलावर चढवून उचलून धरायला लावला, आणि खालून मलाच ओरडले, "नीट धर की! सावली पडून राहिली!" यादीतल्या पहिल्याच ओळीवर उन्हाळा संपला.

मग अक्षरांवरून भांडण. संगणकातला एकही टाइप त्यांना चालेना. "माझ्या दुकानावर दुसऱ्याचं अक्षर?" शेवटी प्रत्येक मथळा त्यांनी पत्र्यावर रंगवला आणि मी त्याचा फोटो काढला. रंग वाळल्यावर वेगळा दिसतो म्हणून तो पुन्हा काढला. त्या फोटोंनी साइट एवढी जड झाली की उघडता उघडेना. मी तक्रार केली, तर म्हणाले, "गिऱ्हाईकानं जरा दम धरावा."

साइट ठेवायला भाड्यानं सर्व्हर घेतला, म्हणजे कुठेतरी दूर अखंड चालणारा संगणक. याला क्लाऊड म्हणतात हे ऐकून मामा हसले. "ढगात? लातुरात ढगाच्या भरवशावर कोन काय ठेवतंय?" तरी किल्ली स्वतःकडेच हवी, हा हट्ट. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. सर्व्हर बंद-चालू करायची सोय त्यांच्या मोबाइलवर करून दिली आणि बजावलं, "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." "हाव," म्हणाले.

नितीनला पत्ता पाठवला. 'बघतो', एवढंच उत्तर आलं. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी मामांचा फोन. "अमेरिकेतून कुणी आलतं का?" मी वैतागायची. "मामा, मी काय दारात बसलेय का बघायला?" मग ते फोन ठेवायचे. त्या फोन ठेवण्याचाही मला रागच यायचा.

दिवाळीच्या आसपास नितीननंच मला फोन केला. "शैलाताई, बाबांची साइट अजून झालीच नाही का गं? मी रोज जेवणाच्या सुट्टीत उघडतो. बंदच असते."

मी दिवसा कधीही उघडली तरी साइट ठणठणीत असे. मामांना फोन लावला.

"मामा, सर्व्हरला हात लावता का?"

"मग? दिवेलागणीला शटर वढलं की तेबी बंद. सकाळी उदबत्ती लावली की चालू."

"अहो, पण का?"

"मालक न्हाई दुकानात अन् दार उघडं टाकून जायचं? आलेल्या मानसाशी बोलायचं कुणी?"

मी डोक्याला हात लावला. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मामा, तुमची रात्र ती नितीनची दुपार. तो रोज येतो आणि बंद शटर बघून परत जातो."



"रोज आलता?" मामांनी विचारलं.

त्या रात्री दुकानाचं शटर खाली आलं आणि साइट चालू राहिली. दुसऱ्या दिवशी नितीनचा त्यांना फोन गेला. तब्येत नाही, हवापाणी नाही. औशाच्या पाटीतला 'क्ष' कुठल्या ब्रशनं काढला, यावर बापलेक बोलत बसले. मला मात्र नवाच ताप झाला. दुरुस्तीसाठी सर्व्हर दोन मिनिटं बंद करायचा म्हटलं तरी मामा अडवायचे. "नगं. तेवढ्यात आला म्हंजे?"

मामा गेल्या वर्षी गेले. दुकानाचं शटर बंद आहे. वेबसाइट चालू आहे, अजून तशीच जड. तिच्या सर्व्हरची दुरुस्ती कधीची राहिली आहे. अमेरिकेत रात्र असताना तो बंद करून चालू केला तर कुणालाही कळणार नाही, हे मला चांगलं समजतं. दर सोमवारी आठवड्याच्या यादीत मी ते काम लिहिते. शनिवारपर्यंत बाकी सगळ्या कामांपुढे खूण होते.