मोरदऱ्यावरून व्यंकटराव

पालमकडच्या व्यंकटरावांनी उभ्या जन्मात एकदाच हवेतून प्रवास केला, आणि तोही विमानातून नव्हे, तर धोतर नेसून, दोराला लटकून. हौस म्हणून केला म्हणावं तर तसंही नाही. बायकोनं धाडलं म्हणून केला.

झालं असं, की त्यांची लेक केशर परभणीला कॉलेजात शिकायची. पोरगी हुशार, पण पाय घरात ठरायचा नाही. कॉलेजच्या निसर्ग मंडळात शिरली, टेकड्या चढली, झाडांची नावं पाठ केली, आणि एक दिवस सुट्टीत घरी येऊन म्हणाली, "आबा, हिमालयात डोंगर चढायचं शिबिर हाय. माझी निवड झाली. जाऊ का?"

व्यंकटराव "जा की" म्हणून मोकळे होणार, तेवढ्यात सुमनबाईनं पिठाची परात बाजूला सारली.

"जा की काय? तिथं पोरी दोराला लोंबकळतात म्हणं. तुमी कधी लोंबकळलाव का?"

"मी कामून लोंबकळू?"

"मंग पोरीला कामून धाडायलाव? आधी तुमी सवता लोंबकळून या. मधी कुटं काही अडलं, तर पोरगी घरी बसंल. न्हाई अडलं, तर खुशाल जाऊ दे. मी एक शबूद बोलणार न्हाई."

आता सुमनबाईचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. वर अपील नाही. पण केशर उलट खूशच झाली. त्यांच्या मंडळाची सहल नेमकी राणीसावरगावच्या डोंगरात, मोरदऱ्याला निघाली होती, आणि तिथं दरीवर दोर बांधून या टोकाहून त्या टोकाला जायचं होतं. "आबा, तुमी चलाच!"

मग काय, पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून राणीसावरगाव, एसटीत जो शेजारी बसेल त्याला व्यंकटराव सांगत, "दोरावरून जायलोय, बघा." एकानं विचारलं, "डोंबाऱ्याचा खेळ शिकलाव का काय?" तर म्हणाले, "न्हाई, पोरीचा बाप झालो."

मोरदरा म्हणजे दोन टेकड्यांच्या मधली खोल घळ. तळाला झरा, झऱ्याकाठी वनखात्यानं लावलेली कोवळी रोपं, वर धावडा, पळस, सीताफळाची गर्दी, आणि मोर तर विचारू नका. मंडळाचे प्रमुख दिनकरराव सर, वनस्पतिशास्त्राचे मास्तर. त्यांचं म्हणणं असं, की जंगल बघायला जंगल तुडवत कशाला जायचं? वरून बघावं आणि जसं होतं तसं ठेवून यावं. दोर ज्या झाडांना बांधला, त्यांच्या बुंध्यांनासुद्धा त्यांनी गोणपाट गुंडाळलं होतं, साल खरचटू नये म्हणून.

व्यंकटराव पोचले आणि सवयीनं त्यांचा हात दातण मोडायला लिंबाच्या फांदीकडे गेला.

"काका, फांदी नाही मोडायची," सरांनी अडवलं.

"आवो, दात घासायचेत."

"ते घरून घासून यायचं."

पुढचा मामला फेट्याचा. डोक्याला लोखंडी टोप घालायचा, तर फेट्यावर तो बसेना, आणि चारचौघांत फेटा उतरवायला व्यंकटराव तयार होईनात. बरीच रदबदली झाली. शेवटी फेटा कमरेला बांधायचा ठरला, म्हणजे तो अंगावरून उतरला असं कुणाला म्हणता येऊ नये. धोतराचा काष्टा केशरनं स्वतः घट्ट खोचला, वरून मांड्यांत आणि कमरेत पट्टे आवळले. सर म्हणाले, "धोतर यासाठी फार सोयीचं आहे बरं का." तेवढ्यानं गडी फुलला.

आता तो दोर कसा चालायचा, ते सांगतो. मुख्य दोरावर एक चाक, चाकाखाली माणूस. निम्म्या दरीपर्यंत माणूस आपल्या वजनानं घरंगळत जायचा. पण दोराला मधे झोल, म्हणून पुढचा चढ स्वतःच्यानं चढता यायचा नाही. पलीकडच्या लोकांनी दुसऱ्या दोरानं ओढून घ्यायचं. आणि अलीकडे, निघायच्या जागी, माणसाच्या मागं बांधलेला तिसरा दोर एकानं झाडाला वेढा देऊन सोडत राहायचं, अवचित काही झालं तर माणूस धरून ठेवायला. तो मागचा दोर त्या दिवशी केशरच्या हातात होता.

पलीकडे ओढायला दोघे गावकरी. माणिकराव आणि सिताराम. आले होते मजा बघायला, सरांनी लावलं कामाला. दोघांनी जन्मभर विहिरीवर मोट हाकलेली. विजेची मोटार आली आणि मोट गेली, पण खांदे तेच. त्यांनी दोर खांद्यावर घेतला, दरीकडे पाठ केली आणि उतारानं खाली चालायला लागले. अगदी मोटेचे बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली जातात, तसे.

आणि गंमत म्हणजे व्यंकटरावही मोटेवरचेच.

"जय बजरंगबली!" म्हणून त्यांनी पाय सोडले. पहिल्यांदा डोळे गच्च. मग वारा कानात शिरला तसा एक उघडला, मग दुसरा. जन्मभर झाडं खालून बघितली होती. आज झाडांची डोकी दिसत होती. पळसाच्या शेंड्यावर बसलेलं वानर मान वर करून बघत होतं, की हे कोण आणखी आलं आपल्यात. खाली खडकावर मोर, आणि त्याच्या पिसाऱ्यावर वरून ऊन पडलेलं. व्यंकटरावांना इतका आनंद झाला, इतका झाला, की तो पोटात मावेना. बुडाखाली पट्टा, वर करकरणारं चाक, समोर ताणलेला दोर, आणि गळ्यातून आपोआप मोटेवरचं गाणं सुटलं.

चांगलं खणखणीत म्हणत होते. पलीकडचा काठ हाताशी आला. आधीच पलीकडे पोचलेले सर "या, या" म्हणत पुढं झाले. आणि गाण्याच्या शेवटी, मोट भरून काठाला आली की मोटकरी जी हाळी देतो, ती व्यंकटरावांनी दिली.

"हूऽऽ मागं! मागं सर, राजा, मागंऽऽ!"

ही हाळी ऐकली की बैल पाठमोरे धाव चढतात, बैलांबरोबर मोटकरीही मागं सरतो. माणिकराव आणि सिताराम यांचे पाय मनाला विचारायला थांबलेच नाहीत. सरळ मागं, मागं, मागं. ओढायचा दोर पडला सैल, आणि काठाला टेकलेले व्यंकटराव सर्रकन दरीच्या मध्यावर परत गेले. त्याच वेगात थोडे अलीकडच्या अंगाला चढले, तिथून उलटे पलीकडे घरंगळणार, तोच मागच्या दोराचा हलका हिसका बसला आणि ते जागीच थांबले.

"आबा! बसून राहा, हलू नका! मी धरलंय!"

केशरनं सैल पडलेला मागचा दोर भराभर ओढून घेतला होता आणि झाडाचा वेढा आवळून, टाच रोवून धरला होता. आवाज स्थिर, चेहरा मात्र उतरलेला. तिलाही कळलं होतं आणि बापालाही. अडलं. सुमनबाई जे म्हणाली होती, नेमकं तेच झालं. पोरीचा हिमालय व्यंकटरावांनी आपल्या तोंडानं घालवला होता.

पलीकडे वेगळीच जुंपली होती.

"आरं सित्या, तू मागं कामून आलास?"

"तू आलास म्हणून आलो!"

"हाळी कुणी दिली मंग?"

"मीच दिली रं बाबांनो," दरीच्या मधूनच व्यंकटरावांचा आवाज आला. "चुकी माझी हाय. आता वढा!"

"तसं न्हाई, पाव्हणं," माणिकराव ओरडले. "बैल हुबे हायेत. नीट हाका की!"

मग दरीच्या मध्यावरून व्यंकटरावांनी "चल माझ्या राज्या, चल!" म्हणून हाकलं, आणि पोरापोरींच्या हसण्यात ते एकदाचे काठाला लागले.

परतताना एसटीत केशर हळूच म्हणाली, "मायला काय सांगणार?"

"खरं तेच. सितारामची बहीण आपल्याच गावात दिली हाय. आपण लपवून काय उपेग?"

घरी पाय धुवायच्या आत सुमनबाईनं विचारलं, "अडलं का?"

"अडलं," व्यंकटराव म्हणाले, आणि गाण्यापासून वानरापर्यंत सगळं सांगितलं. सुमनबाई हसली नाही. नीट ऐकून म्हणाली, "दोर तुटला का?"

"न्हाई."

"फुडचे दोघं तर मागं सरले. मंग तुमाला मधी धरलं कुणी?"

"केशरनं."

"एकटीनं?"

"एकटीनं. वेढा कसा आवळायचा, पाय कसा रवायचा, समदं तिला ठावं हाय. आवाज सुदिक हलला न्हाई तिचा."

सुमनबाईनं लेकीचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. मग नवऱ्याकडे वळली.

"तुमचं एवढं धूड जिनं धरलं, तिला सवताचा जीव धरता येत न्हाई व्हय? मला काय इचारायलाव? जाऊ द्या पोरीला."

आणि तिथंच सूप पुढं ओढून ती डिंक निवडायला बसली. हिमालयात थंडी लय असती म्हणं, लाडू जास्तच करायला पाहिजेत.